नऊ तासांवरचं लंडन

विमानतळाचं उद्घाटन असो, गुंतवणूकदारांची परिषद असो, हल्ली एक नकाशा हमखास पडद्यावर येतो. मधोमध आपलं शहर, त्याच्याभोवती चार तासांचं एक वर्तुळ, आठ तासांचं दुसरं आणि त्यांत सामावलेली निम्म्याहून अधिक दुनिया. ही मांडणी रूढ केली ती दुबईने. जगाची दोन-तृतीयांश लोकसंख्या आपल्यापासून आठ तासांच्या उड्डाणाच्या टप्प्यात आहे, असं ते शहर कित्येक वर्षं सांगत आलं आहे. आता आपल्या मोठ्या विमानतळांना जागतिक केंद्र बनवण्याच्या गोष्टी निघतात तेव्हा तशीच वर्तुळं दिल्ली-मुंबईभोवती काढली जातात. दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी इंटरनेटवरची साधनंही याच हिशेबावर चालतात: मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चढ-उतार धरून साडेआठ-नऊ तास. भागाकार बिनचूक आहे. पण दोन शहरांमधलं अंतर पृथ्वीच्या गोलाईवर आणि इंजिनाच्या ताकदीवर ठरतं, हे त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. विमानाचा वेग गेल्या साठ-पासष्ट वर्षांत वाढलेलाच नाही. या काळात एखादं शहर आपल्याला जवळ आलं किंवा दूर गेलं असेल, तर त्यात मधल्या देशांनी आपलं आकाश उघडलं की मिटलं, याचा वाटा मोठा आहे. वर्तुळ काढणाऱ्याच्या कंपासला हे देश दिसत नाहीत, आणि म्हणून ते वर्तुळ पाहणाऱ्यालाही दिसत नाहीत.

अंतर वेळात मोजण्याची सवय विमानापेक्षा फार जुनी आहे, आणि वाफेच्या काळातली तिची वाटचाल वाचकांच्या परिचयाची आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून शिडाच्या जहाजाला मुंबईहून इंग्लंडला पोचायला चार-सहा महिने लागत. १८३० साली मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट कोळशासाठी थांबत थांबत महिनाभरात सुएझला पोचली. १८३९ मध्ये कंपनी सरकारने एडन घेतलं आणि कोळशाचा तळ पक्का झाला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई-लंडन सागरी मार्ग सुमारे चाळीस टक्क्यांनी आखूड झाला. पुढच्याच वर्षी समुद्रतळावरून तार आली, त्यामुळे निरोप माणसाच्या पुढे धावू लागला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेत लंडन ते मुंबई या टप्प्याला वीस दिवस धरले आहेत, आणि तो आकडा कल्पनेतला नव्हता. त्या काळच्या वेळापत्रकांवर बेतलेला होता. ही सारी हकिकत आपण यंत्राची हकिकत म्हणून शिकतो. तिच्यात यंत्राइतकाच सत्तेचाही हात होता. एडन हाती नसतं तर आगबोटीचा कोळसा वाटेतच संपला असता. तरीही अंतर यंत्र ठरवतं हे गृहीतक एकोणिसाव्या शतकापुरतं बरंचसं चालून जातं, कारण जहाजाखालचा समुद्र तोवर कुणाच्या मालकीचा उरला नव्हता.

समुद्र असा आपोआप मोकळा झालेला नाही, आणि हे कोकण-गोव्याच्या इतिहासाशी ओळख असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अरबी समुद्रावर हक्क सांगितला आणि प्रत्येक व्यापारी जहाजाने त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा, अशी सक्ती केली. तो नसेल तर जहाज पकडलं जाई, माल जप्त होई. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचं दस्तक लागू केलं, त्यामागेही हाच विचार होता: ज्याचं पाण्यावर बळ, त्याचा परवाना. १६०९ मध्ये ह्यूगो ग्रोशिअसने समुद्र सर्वांना मोकळा असल्याचं जे प्रतिपादन केलं, ते पोर्तुगिजांच्या नेमक्या याच दाव्याविरुद्ध होतं. त्याला डच व्यापाराचा रस्ता मोकळा करून हवा होता, हे खरं. पण त्याचं तत्त्व टिकलं. आजच्या सागरी कायद्यात खुला समुद्र सगळ्यांचा आहे. इतकंच काय, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आतल्या, म्हणजे दुसऱ्या देशाच्या हक्काच्या पाण्यातूनही परक्या जहाजाला कुणाला उपद्रव न देता, न विचारता जाता येतं. परक्या विमानाला त्याच पाण्यावरून असं जाण्याचा हक्क नाही. कार्ताझची पद्धत समुद्रावरून गेली ती आकाशात जाऊन बसली. अंतराच्या कल्पनेतलं सगळ्यात मोठं वळण हे आहे, आणि ज्याने सीमा पुसल्या असं मानलं जातं त्या विमानाच्याच काळात ते घडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वळण अटळ नव्हतं. आकाश कुणाचं, हा प्रश्न तेव्हा खरोखरच उघडा होता. पॉल फोशिय या फ्रेंच कायदेपंडिताने हवाही समुद्रासारखी मोकळी मानावी अशी मांडणी केली होती. जमिनीवरच्या राज्याने स्वसंरक्षणापुरते अधिकार राखावेत, बाकी वाट सर्वांची. त्याच्या मताला त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्तुळात वजन होतं. १९१० मध्ये पॅरिसला या प्रश्नावर युरोपीय देशांची परिषद भरली, ती कराराविना मोडली. मग महायुद्ध आलं. आकाशातून बॉम्ब पडू शकतात हे लोकांनी पाहिलं, टेहळणीची विमानं खंदकांवरून फिरताना पाहिली, आणि मोकळ्या हवेच्या बाजूने बोलणारा आवाज जवळपास बंद झाला. ऑक्टोबर १९१९ मध्ये पॅरिसला झालेल्या कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलं गेलं, की प्रत्येक राज्याला आपल्या भूमीवरच्या हवेवर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. त्याच वर्षी अल्कॉक आणि ब्राउन यांनी अटलांटिक विनाथांबा पार केला, आणि रॉस व कीथ स्मिथ हे भाऊ २८ दिवसांत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पोचले. विमानविद्येच्या इतिहासात १९१९ हे वर्ष या दोन उड्डाणांमुळे लक्षात राहतं. माझ्या मते ते त्या पहिल्या कलमामुळे लक्षात राहायला हवं. उड्डाणांनी आकाश पार करता येतं हे दाखवलं. कलमाने ते विचारल्याशिवाय पार करता येणार नाही हे ठरवलं. पुढच्या शंभर वर्षांत वेळापत्रकं या दुसऱ्या निर्णयाच्या चौकटीतच आखली गेली.

त्याचा पहिला पुरावा आपल्याच वाटेवर मिळतो. इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीला लंडन-कराची हवाई सेवा सुरू करायची होती. विमानं होती, टपाल होतं, साम्राज्याची इच्छा होती. इराणने किनाऱ्यावरून उडायला परवानगी नाकारली आणि कराचीपर्यंतची सेवा अडली. अखेर तात्पुरती परवानगी मिळून मार्च १९२९ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा लंडन ते कराचीला सात दिवस लागत. त्यातला युरोपातला एक टप्पा प्रवासी चक्क आगगाडीने करत, कारण इटलीशी हवाई मार्गाचं जमत नव्हतं. १९३२ मध्ये इराणची परवानगी संपली तशी सगळी वाट आखाताच्या पलीकडच्या अरबी किनाऱ्यावर हलवावी लागली आणि शारजाला नवा तळ उभारावा लागला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तो प्रसंग आपण भारतीय विमानवाहतुकीचा जन्म म्हणून साजरा करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या छोट्या विमानात आलेली लंडनची पत्रं ज्या सेवेने कराचीला पोचत होती, तिला नेमक्या त्याच महिन्यांत एका देशाच्या नकारामुळे आखाताचा एक किनारा सोडून दुसरा धरावा लागत होता. जगावर राज्य करणाऱ्या ब्रिटनला इराणच्या किनाऱ्यावरून उडायला मुदत मागावी लागली, एवढी एक गोष्ट आकाशाचा नवा कायदा किती खोल गेला होता हे सांगायला पुरेशी आहे.

दुसरं महायुद्ध संपण्याआधी, १९४४ च्या नोव्हेंबरात शिकागोला पन्नासहून अधिक देश जमले, तेव्हा हा कायदा बदलण्याची संधी पुन्हा आली होती. अमेरिकेकडे विमानं सर्वात जास्त होती, त्यामुळे अ‍ॅडॉल्फ बर्ल यांच्या नेतृत्वाखालच्या तिच्या शिष्टमंडळाला आकाश शक्य तितकं मोकळं हवं होतं. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला ती मोकळीक म्हणजे अमेरिकन कंपन्यांचं राज्य वाटत होतं. सोव्हिएत संघ आयत्या वेळी परिषदेतून बाहेर राहिला. निष्पन्न झालं ते अर्धवट. पॅरिसचं पहिलं कलम जवळजवळ जसंच्या तसं शिकागो कराराचंही पहिलं कलम झालं, आणि वेळापत्रकाप्रमाणे चालणाऱ्या प्रत्येक सेवेला परवानगी लागेल असं ठरलं. नुसतं वरून उडून जाणं आणि इंधनापुरतं उतरणं या दोन सवलतींसाठी वेगळा करार झाला, पण तो ज्यांना मान्य त्यांच्यापुरताच. रशिया आणि चीन हे भूभागाने अवाढव्य देश आजही त्यात नाहीत. एखाद्या उड्डाणाला किती वेळ लागतो, याचं निम्मं उत्तर शिकागोच्या त्या पाच-सहा आठवड्यांत लिहिलं गेलं. तरी जवळ आलेल्या जगाची गोष्ट सांगताना हा प्रसंग बहुतेक ठिकाणी वगळला जातो, आणि गोष्ट थेट जेटवर उडी घेते.

जेटने केलेलं काम मला कमी लेखायचं नाही. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि हाच प्रवास एका दिवसाच्या आत आला. हा यंत्राचा निखळ विजय होता. गफलत होते ती त्यापुढे. १९६० च्या आधीची घसरण पाहून आपण मनात रेषा तशीच पुढे ओढतो: महिने, आठवडे, दिवस, तास आणि उद्या मिनिटं. प्रत्यक्षात ती रेषा १९६० नंतर आडवी झाली. बोइंग ७०७ ध्वनीच्या वेगाच्या सुमारे आठ-दशांश वेगाने उडत असे. आजचं ड्रीमलायनरही जवळपास त्याच वेगाने उडतं. ध्वनीच्या वेगाजवळ जाताच हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो, म्हणून अभियंत्यांनी आपली बुद्धी वेगाऐवजी इंधन वाचवण्यावर, पल्ला वाढवण्यावर लावली. कॉन्कॉर्डने ती मर्यादा ओलांडून दाखवली, पण त्यालाही परवान्याने गाठलंच. जमिनीवरून ध्वनीपेक्षा वेगाने उडायला बहुतेक देश तयार नव्हते. लंडन-बहरीन सेवा सिंगापूरपर्यंत वाढवली गेली, ती डिसेंबर १९७७ मध्ये मलेशियाच्या हरकतीमुळे तीन फेऱ्यांतच थांबवावी लागली; पुढे पुन्हा सुरू झाली, पण १९८० मध्ये कायमची बंद पडली. २००३ मध्ये कॉन्कॉर्ड निवृत्त झालं आणि प्रवासी विमानांचा वेग पुन्हा १९६० च्या पातळीला आला. मग गेल्या सहा दशकांत वेळ वाचला तो कुठून? काही वाचला तो मधले थांबे गेल्यामुळे, आणि तो इंजिनांच्या पल्ल्याचा गुण. उरलेला वाचला तो वाट सरळ झाल्यामुळे, आणि वाट सरळ करणं कुठल्याही इंजिनाच्या हातात नाही.

हेलसिंकी ते टोकियो या मार्गाइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-लंडनपेक्षा थोडंसंच जास्त. ही सरळ रेषा जवळजवळ सगळी रशियावरून जाते. १९८३ मध्ये फिनएअरने या दोन शहरांत विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हा सोव्हिएत आकाश तिला बंद होतं. त्यामुळे पूर्वेकडच्या टोकियोला जाण्यासाठी तिचं डीसी-१० विमान आधी उत्तरेला उत्तर ध्रुवाकडे जाई, मग अलास्काच्या बाजूने बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून पॅसिफिकवरून खाली येई. वेळ लागे सुमारे तेरा तास. बंद आकाशात चुकून शिरण्याची किंमत काय असते, तेही त्याच वर्षी दिसलं. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं, ते लढाऊ विमानाने पाडलं आणि २६९ माणसं गेली. पुढे सोव्हिएत संघाचं धोरण सैल झालं, मग तो संघच विसर्जित झाला, सैबेरियाचं आकाश शुल्क घेऊन उघडलं गेलं, आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवर आला. फिनलंडने या साडेतीन तासांच्या बचतीवर आपल्या विमानतळाचं सगळं गणित उभं केलं: युरोपातून आशियाला जाण्याची सर्वांत आखूड वाट आमच्याकडून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं, युरोपने आपलं आकाश रशियाला आणि रशियाने आपलं युरोपला बंद केलं. मार्चमध्ये टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली ती ध्रुवावरून, आणि वेळ पुन्हा तेरा तासांवर गेला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत विमान किती सुधारलं! तीन इंजिनांचं जाऊन दोन इंजिनांचं आलं, इंधन कमी लागू लागलं, सांगाड्यात धातूऐवजी कार्बनतंतू आले. पण घड्याळ १९८३ च्याच आकड्यावर परत आलं.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते. लांब पल्ल्याच्या इंजिनांनी अंतर कमी केलं असं आपण म्हणतो, पण पल्ला हे दुधारी साधन आहे. त्याने थांबा वाचवता येतो, तसाच मोठा वळसाही घालता येतो. इस्रायलची विमानं तेल अवीवहून मुंबईला यायची तेव्हा सौदी अरेबियाचं आकाश बंद असल्याने तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला उतरून, एडनच्या आखातातून अरबस्तानाला वळसा घालून येत. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली कुटुंबांचा माहेरचा रस्ता वर्षानुवर्षं असा लांबला होता. मार्च २०१८ मध्ये सौदी अरेबियाने दिल्ली-तेल अवीव मार्गावरच्या एअर इंडियाला वरून जाऊ दिलं आणि प्रवासातले सुमारे दोन तास वाचले. इस्रायली कंपनीला मात्र त्याच आकाशात मज्जाव राहिला. एकाच वर्षी भारत आणि इस्रायल यांच्यात दोन अंतरं होती, आणि तुमच्या वाट्याला कोणतं येणार हे विमानाच्या शेपटीवरच्या झेंड्यावर ठरत होतं. पुढे २०२२ मध्ये सौदीने आणि २०२३ मध्ये ओमानने सर्वांना वाट दिली तेव्हा हा फरक संपला. इंजिनात तोवर काही बदललं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल, की ही सगळी युद्धाची, वैराची, अपवादाची उदाहरणं आहेत. नेहमीच्या दिवसांत आकाश मोकळंच असतं. आपल्या उपखंडाकडे पाहिलं तर हा अपवाद फार दिवस चालतो. १९७१ च्या जानेवारीत भारतीय विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि जाळलं गेलं. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जायला बंदी केली. कराची ते ढाका हे सरळ रेषेत सुमारे २,४०० किलोमीटरचं अंतर श्रीलंकेला वळसा घालून जावं लागू लागल्याने दुपटीहून जास्त झालं. दोन भागांत विभागलेलं राष्ट्र आधीच तुटण्याच्या बेतात होतं, आणि त्याचे दोन तुकडे त्या वर्षी एकमेकांपासून अक्षरशः आणखी दूर गेले. दोन्ही देश वरून उडून जाऊ देणाऱ्या शिकागोच्या त्या वेगळ्या कराराचे सदस्य होते. वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, १९७२ मध्ये अधिकारक्षेत्राच्या प्रश्नावर निकालही झाला, पण आकाश उघडलं ते १९७६ मध्ये, दोन सरकारांची दिलजमाई झाल्यावर. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश जुलैपर्यंत मिटलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी केली, आणि दोन्ही बाजूंनी ती महिन्यामहिन्याने वाढवण्यात आली. पाऊणशे वर्षांतली इतकी वर्षं ज्याने व्यापली, त्याला अपवाद म्हणणं कठीण आहे. आकाश उघडं असणं हीदेखील एक राजकीय स्थिती आहे, ती टिकवावी लागते, आणि ती टिकलेली असते तेव्हा आपल्याला दिसत नाही एवढंच.

२०२५ च्या बंदीने मुंबई-दिल्लीच्या वर्तुळांचं काय केलं ते पाहा. नकाशावर दिल्ली लंडनला मुंबईपेक्षा सुमारे पाचशे किलोमीटरने जवळ आहे. पण भारतीय विमानाला दिल्लीहून पश्चिमेकडे निघताच भिंत लागते. त्याला आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो. मुंबईसमोर समुद्रच आहे, तिला हा वळसा फारसा नडत नाही. म्हणजे दिल्लीची जवळीक ज्या पाचशे किलोमीटरवर उभी होती, ती भारतीय विमानांपुरती या बंदीने खाऊन टाकली, आणि त्याच दिवशी त्याच दिल्लीहून निघणाऱ्या ब्रिटिश विमानाला मात्र जुनी वाट खुली होती. अमेरिकेला जाणाऱ्या काही भारतीय सेवांना इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. दिल्ली-वॉशिंग्टन ही थेट सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबवताना एअर इंडियाने विमानांच्या तुटवड्याबरोबर हेही कारण दिलं. दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटी तर तीनेक तासांच्या टप्प्यातली शहरं. वळसा छोट्या विमानांच्या पल्ल्याबाहेरचा असल्याने इंडिगोला तिथल्या सेवा बंदच कराव्या लागल्या. तीन तासांच्या वर्तुळात बसलेलं शहर एका रात्रीत वर्तुळातून नाहीसं झालं. मुंबईनेही निश्चिंत राहू नये. १३ जून २०२५ रोजी इस्रायल-इराण संघर्षात इराणचं आकाश बंद झालं तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान काही तास उडून मुंबईलाच परत आलं. त्या प्रवाशांसाठी त्या दिवशी मुंबई-लंडन अंतर किती होतं, याचं उत्तर कोणत्याही भागाकारातून निघणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आकाशावर राज्याचा हक्क नसावा असं तुम्हाला म्हणायचं आहे का? नाही. दहशतवादी हल्ला झाल्यावर एखाद्या देशाने आपलं आकाश मिटावं, यात अन्याय्य काही नाही, आणि काही वेळा ते न मिटणंच गुन्हा ठरतो. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर बत्तीस हजार फुटांच्या वरचं आकाश खुलं ठेवलं होतं. मलेशियन एअरलाइन्सचं विमान तेहतीस हजार फुटांवरून जात होतं, ते क्षेपणास्त्राने पाडलं आणि २९८ माणसं मेली. तिथे सरळ वाटेपेक्षा वळसा हवा होता. माझा आग्रह एवढाच आहे, की वळशाची किंमत आणि सरळ वाटेचं श्रेय योग्य खात्यावर मांडलं जावं. सरळ वाट मिळते तेव्हा तिचं श्रेय विमानाला आणि धावपट्टीला जातं. वाट मिटते तेव्हा ती दैवगती मानली जाते. दोन्ही वेळा निर्णय माणसांनी, सरकारांनी घेतलेला असतो. बंदी घालायची तर घालावी, पण तिने आपल्याच विद्यार्थ्याचा, रुग्णाचा, निर्यातदाराचा रस्ता किती लांबला आणि किती महागला, हा हिशेब निर्णयाच्या कागदावर असावा. २०१९ च्या बंदीत साधारण चार महिन्यांत एकट्या एअर इंडियाला सुमारे ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं. एवढा मोठा खर्च नकाशावरच्या वर्तुळात शून्य म्हणून धरलेला असतो.

काही जण म्हणतील, की स्वनातीत प्रवासी विमानं पुन्हा येत आहेत, मग हा सगळा वाद जुना होईल. अशा विमानांच्या चाचण्या सुरू आहेत हे खरं आहे, पण कॉन्कॉर्डची हकिकत नेमकी उलटं सांगते. वेग कितीही वाढला तरी वाटेतले देश तेवढेच राहतात आणि त्यांच्या परवानग्याही. त्यात ध्वनिस्फोटाची हरकत वेगळीच. वेगवान विमान परवान्यावर कमी नाही, जास्त अवलंबून असेल. आणि प्रवाशाच्या बाजूने पाहिलं तर उड्डाणाचा वेळ हा प्रवासाच्या वेळेचा लहानसा भाग आहे. लंडन नऊ तासांवर आहे असं ज्याला सांगितलं जातं, त्याला व्हिसासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या माणसाला आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला एकाच विमानात शेजारी बसूनही लंडन सारखंच जवळ नसतं. परवाना आधी विमानाला लागतो आणि मग माणसालाही. दोन्ही ठिकाणी अंतर ठरवणारी सत्ता एकच आहे.

म्हणून जागतिक केंद्र होण्याच्या आपल्या महत्त्वाकांक्षेची चर्चा धावपट्ट्यांच्या लांबीवर आणि टर्मिनलच्या क्षेत्रफळावर संपते, तेव्हा ती अर्धीच झालेली असते. नवी मुंबईचा विमानतळ हवाच होता. मुंबईची गरज त्याने भागेल. पण कुठल्याही विमानतळाने आजवर एखादं दूरचं शहर एका किलोमीटरनेही जवळ आणलेलं नाही. दुबईला केंद्र केलं ते तिच्या धावपट्ट्यांनी जेवढं, तेवढंच चहूबाजूंच्या आकाशातून जाऊ देणाऱ्या करारांनी. त्या आकाशात क्षेपणास्त्रं उडू लागली की तिचीही वर्तुळं आकसतात, हे जून २०२५ ने दाखवलं. हेलसिंकीने आपलं केंद्रपण एका शेजाऱ्याच्या मर्जीवर उभं केलं होतं आणि ते काही दिवसांत गेलं. पश्चिमेच्या शेजाऱ्याशी वैर आणि मध्यपूर्वेत युद्ध अशी स्थिती असताना दिल्लीभोवती आठ तासांचं अखंड वर्तुळ काढणं म्हणजे नसलेल्या मालमत्तेवर कर्ज उचलणं आहे. ज्यांना ते वर्तुळ खरं करायचं आहे त्यांनी विमानतळाच्या आराखड्याबरोबर मार्गाखालच्या देशांची यादीही मांडावी: कोणाशी काय करार आहे, कोणाचं आकाश गेल्या पन्नास वर्षांत किती काळ मिटलेलं होतं, ते मिटलं तर दुसरी वाट कोणती आणि तिची किंमत किती. ही यादी परराष्ट्र धोरणाची आहे, आणि अंतराचा खरा हिशेब तिथेच सुरू होतो. शेजाऱ्यांशी संबंध सुधारण्याला आपण शांततेचं, संस्कृतीचं, फार तर व्यापाराचं काम मानतो. ते वाहतुकीचंही काम आहे, आणि गेल्या साठ वर्षांच्या पुराव्यावरून पाहता अनेक शहरांना जवळ आणण्याचं याहून खात्रीचं साधन आपल्या हाती नाही.